गाडीसाठी दिवा

"वहिनी, गाडीला एवढा उजेड कशाला लागतो?" मगदूमनं विचारलं.

"गाडी आंधळी आहे," मी म्हणाले. "तू दिवा दाखव."

मगदूम इलेक्ट्रिकल्सच्या काउंटरला टेकून मी उभी होते. सगळा भार उजव्या पायावर, कारण डावा गुडघा दुखत होता. म्हणजे दुखत नव्हता, पण गल्लीत तसं सांगून ठेवलं होतं. गल्लीत सांगितलं की ते कुपवाडच्या सगळ्या दुकानांत सांगितल्यासारखंच असतं, त्यामुळे दुकानातही लंगडावं लागायचं.

"गुडघा काय म्हणतोय?"

"आहे तिथंच आहे."

"परवा उजवा होता न्हवं?"

"वाताचं दुखणं. फिरतं असतं."

मगदूमनं मान हलवली. हा माणूस आमच्या ह्यांच्या हाताखाली शिकला होता. त्यांच्या मागं त्यानं स्वतःचं दुकान टाकलं, तरी मला बघितलं की स्टुलावरून उठायचा. त्यामुळे मी त्याला अरेतुरे करत होते आणि तो मला वहिनी म्हणत होता. दोघांचंही बरं चाललं होतं.

"मागं बल्ब नेलासा, त्याचं काय झालं?"

"पिवळा आहे."

"बल्ब पिवळाच असतोय, वहिनी."

"गाडीचा रंग कळत नाही त्यात."

"कुठल्या रंगाची गाडी?"

"तेच तर कळत नाही म्हणते."

त्यानं वरच्या फळीवरून एक पत्र्याचं धूड खाली काढलं. पुढं काच, आत पांढरी नळी. "हॅलोजन. लग्नाच्या मांडवात लावतात. गाडीखालनं मुंगी गेली तरी दिसंल बघा."

"करंट फार खात असेल."

"खातंय की. पण गाडीसाठी म्हटल्यावर मी दुसरं काय देऊ?"

घेतला. पिशवीत मावत नव्हता, म्हणून छातीशी धरून आणला. दोन्ही हातांत हॅलोजन धरून लंगडता येत नाही. मी त्या दिवशी सरळ चालत घरी आले आणि कोपऱ्यावरच्या सुताराच्या बायकोनं ते बघितलं. बघू दे म्हटलं.

आता गाडीचं सांगते. आमच्याकडं गाडी नव्हती, गॅरेज होतं. माझा मुलगा रणजित पुण्याला कंपनीत. त्यानं गाडी घेतली आणि फोनवर म्हणाला, आई, आल्यावर लावायला जागा पाहिजे. मी घराच्या अंगालाच पत्रा घालून गॅरेज बांधून घेतलं. रस्त्याच्या बाजूला लोखंडी शटर, मागच्या बाजूला स्वयंपाकघरात उघडणारं दार. गाडी एक दिवाळी आली, दोन रात्री उभी राहिली, फरशीवर तेलाचा एक डाग टाकला आणि गेली. तो डाग मी कुणाला पुसू दिला नाही. पुढं रणजितला सुट्ट्या मिळेनात. मग ह्यांच्या दुकानातलं सामान पोत्यांत भरून मी तिथं ठेवलं. आमचे हे मोटारी भरायचे. विहिरीवरची, गिरणीतली मोटार जळली की आतली जळकी तार काढून नवी भरायची, हा त्यांचा धंदा. वैजू माझी थोरली. शाळा सुटली की दप्तर टाकून त्यांच्या दुकानात जाऊन बसायची. बारीक बोटं होती, म्हणून हे तिच्याकडून तार बसवून घ्यायचे. मी म्हणायचे, पोरीला भाकरी थापायला येऊ दे आधी. हे म्हणायचे, येईल की, त्याला काय अक्कल लागते. त्या दिवशी मी त्यांना भाकरी वाढली नव्हती.

ती वैजू त्या वर्षी गौरीला माहेरी आली. गौरी तिसऱ्या दिवशी गेल्या. वैजू राहिली.

"कधी निघणार?" मी विचारलं.

"बघू."

आमच्या घरात 'बघू' फक्त मी म्हणत असे. मी तिच्याकडं बघितलं. उजव्या हाताला पट्टी होती आणि हात पदराखाली.

"हाताला काय?"

"दारात सापडला."

सापडतात हात दारात. माझाही एकदा सापडलाय. मी तूपमीठ-भात वाढला आणि गल्लीत सांगून टाकलं की माझा गुडघा धरलाय, म्हणून लेकीला ठेवून घेतलीय. लग्न झालेली पोर माहेरी किती दिवस राहिली, हे आमच्या गल्लीत बायका धुण्याच्या दगडावर मोजतात. गुडघा असला की मोजत नाहीत.

पट्टी निघाली आणि एक दिवस सकाळी मी उठले तर स्वयंपाकघरातलं मागचं दार उघडं. वैजू गॅरेजमध्ये, पोती सोडलेली. तिच्या बापाचं तार गुंडाळायचं चाक पुसून टेबलावर ठेवलेलं.

"हे काय?"

"काम करते म्हटलं."

"कुणाचं?"

"मिळेल त्याचं. मगदूमकाकांकडं जळक्या मोटारी पडूनच असतात."

"गल्ली काय म्हणेल? सासर सोडून आली आणि मिस्त्री झाली?"

"शटर बंद आहे की, आई. कुणाला दिसतंय?" मग थांबून म्हणाली, "अर्धं वर केलं असतं तर बरं झालं असतं. समोरनं ऊन येतं. दिवा लागला नसता."

"दिवा मी आणते," मी म्हणाले.

तिथून हे दिव्याचं सुरू झालं.

मगदूमला मी दोन गोष्टी सांगितल्या. एक, आमच्या ओळखीचा मिरजेत एक कारागीर आहे, मोटारी त्याच्याकडं पाठवते, तू माझ्या घरी आणून टाकत जा. दोन, रणजितची गाडी येणार आहे, गॅरेजमध्ये दिवा पाहिजे, स्वस्तातला. त्यानं एकाच दिवशी पहिली मोटार आणून दारात ठेवली आणि बल्ब दिला. दोन्ही गोष्टींवर त्यानं "बरं बरं" म्हटलं. मला वाटलं, माणूस भोळा आहे.

बल्ब आढ्याच्या मधोमध लावला. खाली वैजू मोटार भरत बसली. मी स्वयंपाकघरातून डोकावून बघायचे तर पिवळ्या उजेडात सगळं एकाच रंगाचं. वैजू, टेबल, तार, भिंत. ती मोटार भरून झाली, वॉर्निश झालं, वाळली, मगदूम घेऊन गेला. आणि आठवडा व्हायच्या आत परत घेऊन आला. जळून काळी.

"द्राक्षवाल्याची मोटार होती," तो म्हणाला. मागच्या दाराकडं बघत नव्हता. मुद्दाम दुसरीकडं बघत होता. "मिरजेच्या त्या कारागिराला सांगा, तारेला ओरखडा गेला होता. एकाच जागी. त्याला दिसला नसंल. पुन्हा भरू दे त्याला, फुकट भरू दे. पण परत असं झालं तर मला दुसरा कारागीर बघावा लागंल."

"सांगते," मी म्हणाले.

तो गेल्यावर वैजू बाहेर आली. सगळं ऐकलं होतं.

"पिवळ्या उजेडात तार आणि वरचा मुलामा सारखाच दिसतो," ती म्हणाली. "ओरखडा कळत नाही. बाबा कधी बल्बखाली बसले नाहीत."

"मग दुसरा दिवा आणू."

"आई, हे काम गेलं तर नाना न्यायला आल्यावर मी जाईन त्यांच्याबरोबर." नाना म्हणजे तिचे सासरे. कवठेमहांकाळकडचे, फेटेवाले. येत्या गुरुवारी जीप घेऊन येतो, असा निरोप होता. "तुझ्या चुलीवर फुकट बसून खाणार नाही मी."

हा माज तिला कुणाकडून आला, ते मला माहीत होतं. मी विषय बदलला.

तिला पाठवायची की नाही, हे मी ठरवलं नव्हतं. मी फक्त दिवा बघत होते.

हॅलोजन लावला. मांडवातच लावायला पाहिजे होता. वैजूच्या पाठीमागं भिंतीला अडकवला तर तिच्या डोक्याची सावली तिच्या हातावर. पुढं अडकवला तर डोळे दिपायचे. वर अडकवला तर हातांची सावली तारेवर. आणि तापायचा असा, की पत्रा वाजायला लागला आणि वॉर्निशचा वास घरभर. वैजू डोक्याला ओलं फडकं बांधून बसली. मीटर बाहेर गिरणीसारखं फिरत होतं.

"कसं काय?" मी दारातून विचारलं.

"चटके बसतात. बाकी दिसत नाही."

तेवढ्यात रणजितचा फोन.

"आई, मगदूमकाका भेटले होते फोनवर. म्हणाले गॅरेजात हॅलोजन लावलाय, माझ्या गाडीसाठी?"

"दुसऱ्या कुणाची गाडी आहे आपल्याकडं?"

"पण मी या दिवाळीला येत नाहीये."

"दिवा राहील."

"आणि वैजू गेली का?"

"माझा गुडघा."

"तुझ्या गुडघ्याला काय झालं?"

"तुला परगावी उगाच काळजी कशाला," म्हटलं आणि ठेवला.

मग मी वैजूला नीट विचारलं. तुला काय पाहिजे ते सांग, मी मगदूमला सांगते. ती म्हणाली, दोन ट्यूब पाहिजेत. पांढऱ्या. एक डाव्या अंगाला, एक उजव्या. मधे आढ्याला नको. एका ट्यूबनं पडलेली सावली दुसरी खाते. बाबांच्या दुकानात तसंच होतं. मी ह्यांच्या दुकानात तीस वर्षं डबा घेऊन जात होते, आणि ट्यूब दोन आहेत की एक, हे मला आठवेना. डबा ठेवला की मी भांडायला सुरुवात करायचे. वर बघायला वेळ कुठला.

दुकानात गेले. त्या दिवशी उजवा पाय.

"दोन ट्यूब," मी म्हणाले. "स्वस्तातल्या. पट्टी-बिट्टी धरून."

"गाडीलाच?"

"गाडीलाच. एक इकडून, एक तिकडून. म्हणजे गाडीच्या डोक्याची सावली गाडीच्या हातावर पडत नाही."

मगदूमनं पेन्सिल कानाला अडकवली. "गाडीला हात हैत?"

"आहेत."

"बरं. हातवाल्या गाडीला ट्यूबच चांगली." त्यानं दोन ट्यूब कागदात गुंडाळल्या. "चला, मी येतो बसवायला."

"नको. मी बसवून घेते."

"पट्टी भिंतीला ठोकावी लागती, वहिनी. गुडघा असा असताना स्टुलावर चढणार?"

मी माझ्याच गुडघ्यात सापडले. नाही म्हणता येईना.

गुरुवार होता तो. सकाळी मगदूम शिडी घेऊन आला. स्वयंपाकघरातून मी त्याला मागच्या दारानं गॅरेजमध्ये नेलं, कारण दुसरा रस्ता नव्हता. शटर वर केलं असतं तर गल्ली आली असती. गॅरेजात गाडी नव्हती. टेबल होतं, चाक होतं, तारेची रिळं होती, द्राक्षवाल्याची मोटार पोट उघडून पडली होती, आणि वैजू होती. डोक्याला फडकं.

मगदूमनं सगळीकडं बघितलं. तेलाचा डागही बघितला.

"काय वैजू," तो म्हणाला.

"काय काका."

एवढंच. मग त्यानं तिलाच विचारलं, किती वर ठोकू, आणि तिनं हात करून दाखवलं, डोक्याच्या जरा वर. मी स्वयंपाकघरात चहा ठेवला. चहा उतू गेला. ठोकाठोक झाली, वायर पट्टीत बसली, आणि तो हात पुसत बाहेर आला.

"कधीपासून माहीत आहे तुला?" मी विचारलं.

"पहिली मोटार बघितली तेव्हापासनं. मालकांची गाठ हाय ती. तारेच्या टोकाला अशी गाठ त्यांनी एकालाच शिकवली होती. मला बी न्हाई शिकवली."

"मग बोलला का नाहीस? बल्ब दिलास, हॅलोजन दिलास."

"तुम्ही गाडीसाठी मागितला, मी गाडीचा दिला. पहिल्याच दिवशी सांगितलं असतं, तर ट्यूबच दिल्या असत्या."

"मग तो हॅलोजन परत घे."

"वापरलेला माल परत घेत न्हाई, वहिनी." चहा पिऊन शिडी खांद्यावर टाकताना म्हणाला, "मोटार आज सांजच्याला पाहिजे. द्राक्षवाला दुकानात येऊन बसणार हाय. आज न्हाई झाली तर माझं बी नाव जातंय."

तो गेला. मी कप उचलायला आत गेले आणि ट्यूब लागलेल्या होत्या, म्हणून थांबले. पांढरा, गार उजेड होता. कशाची सावली कशावर पडत नव्हती. वैजू टेबलाशी वाकून बांबूच्या पट्टीनं तार खाचेत दाबून बसवत होती. एक एक तार. डोळ्यांजवळ आणून बघायची, मग दाबायची. बारीक बोटं. मी जवळ जाऊन उभी राहिले. तिच्या हातांकडं मी गौरीपासून नीट बघितलंच नव्हतं. आधी पट्टी होती, मग पिवळा बल्ब होता, मग हॅलोजन.

उजव्या हाताची करंगळी बाहेरच्या बाजूला वळून जुळली होती. बाकीच्या तीन बोटांवर, एकाच रेषेत, एक जांभळा वळ. नख एक गेलेलं. पट्टी ओढल्यासारखी सरळ रेषा.

"कुठलं दार?" मी विचारलं.

"अवजारांच्या खोलीचं." ती काम करतच होती. "आमच्या विहिरीवरची मोटार जळली होती. मीच भरली. चालली. मग शेजारचे आणायला लागले. पारावर लोक ह्यांना म्हणायला लागले, जालिंदर, बायकोला मिस्त्री केलास, आता तू पोळ्या लाट. एक दिवस ह्यांनी माझी अवजारं उचलून खोलीत टाकली. मी पान्हा घ्यायला हात आत घातला."

मी कप खाली ठेवला.

"हात दारात आहे, हे त्याला दिसलं नसेल."

वैजूनं एक तार खाचेत बसवली. दाबली. दुसरी घेतली.

"दिसलं," ती म्हणाली. "लाईट होती."

कप तिथंच राहिला. मी स्वयंपाकघरात आले, तांदूळ निवडायला घेतले. निवडलेले तांदूळ पुन्हा निवडले.

जीप आली ती जेवणाच्या वेळेच्या आधीच. नाना फेटा सावरत उतरले. जालिंदर उतरला नाही. जीप त्यानं शटरच्या समोरच, रस्त्याच्या पलीकडं लावली आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला. शटरच्या आत त्याची बायको त्याच्यापासून एका रस्त्याच्या अंतरावर होती, हे त्याला माहीत नव्हतं. बरंच होतं ते.

"या पाव्हणं," मी म्हणाले.

"गुडघा बरा दिसतोय विहीणबाई. दार उघडायला पळत आलासा."

"आज जरा आराम आहे."

बाहेरच्या खोलीत पंख्याखाली बसले. पाणी दिलं, चहा दिला. आतून, दोन भिंतींपलीकडून, चाकाची बारीक कुरकुर येत होती. नानांनी कान दिला.

"काय वाजतंय?"

"शिलाई मशीन," मी म्हणाले. सवय लागली होती.

नानांनी बशीतला चहा संपवला. "सूनबाईला म्हणावं, आवर. न्यायला आलोय. गडीमाणूस आहे, तापट आहे. तिनं बी जरा बाईसारखं राहावं. ते पान्हं-बिन्हं काय शोभतं का? संसार म्हटला की भांड्याला भांडं लागतंच, विहीणबाई. तुम्ही जाणत्या, तुम्हाला काय सांगायचं."

"लागतं की," मी म्हणाले. "पण मग पोचा भांड्याला पडतो. करंगळीला कसा पडला, ते जरा सांगा."

नाना फेट्याचा शेव चाचपायला लागले.

"दारात सापडली म्हणाला जालिंदर. अंधारात."

तेवढ्यात पंखा थांबला.

त्या वर्षी आमच्याकडं दुपारचं भारनियमन असायचं. वेळ ठरलेली होती, पण ती ठरलेली वेळ ते पाळत नसत. त्या दिवशी तासभर आधीच वीज गेली. चाकाची कुरकुर बंद पडली. चाक हातानं फिरवायचं होतं, त्याला वीज लागत नव्हती. उजेड लागत होता. गॅरेजला खिडकी नव्हती. गाडीला खिडकी कशाला, म्हणून मीच ठेवली नव्हती.

मग आतून काडेपेटी ओढल्याचा आवाज आला. एक काडी. सादळलेली असावी, पेटली नाही. मग दुसरी.

टेबलावर वॉर्निशचा डबा उघडा होता. मी सकाळीच बघितला होता.

"वैजू!" मी ओरडले. "काडी ओढायची नाही!"

मी उठले. आतून जायचं तर स्वयंपाकघर, मागचं दार, मग अंधारात चाचपडत टेबल. बाहेरून जायचं तर ओसरी, तीन पायऱ्या आणि शटर. मी बाहेरून गेले. पायऱ्या उतरताना कुठल्या पायानं लंगडायचं ते आठवलं नाही, म्हणून लंगडले नाही. नाना मागून येत होते. कोनाड्यातला आकडा काढला, शटरच्या खालच्या कडीत अडकवला आणि ओढला.

गाडी आली त्या दिवाळीनंतर ते शटर उघडलंच नव्हतं. ते असं किंचाळलं, की सुताराची बायको हातातलं कालवण घेऊन बाहेर आली. धुण्याच्या दगडावरच्या बायका उठून उभ्या राहिल्या. अर्ध्यावर अडकलं. मी आकडा टाकला, दोन्ही हात खाली घातले आणि वर रेटलं. वर गेलं. पूर्ण.

ऊन आत शिरलं ते थेट मागच्या दारापर्यंत. फरशीवरचा तेलाचा डाग, पोती, रिळं, कोपऱ्यात उलटा ठेवलेला हॅलोजन, सगळं दिसायला लागलं. आणि मधे टेबलाशी वैजू, डोक्याला फडकं, एका हातात न पेटलेली काडी, डोळे मिचकावत. तिच्या समोर रस्ता, रस्त्याच्या पलीकडं जीप, जीपमध्ये जालिंदर.

"हौसाक्का," सुताराच्या बायकोनं लांबूनच विचारलं, "आली काय रणजितची गाडी?"

"गाडी नाही!" मी म्हणाले. मला मोठ्यानं बोलायला कधीच कष्ट पडले नाहीत. "वैजू आहे. मोटारी भरते. बापासारख्या. इथंच भरणार आहे."

"आणि गुडघा?"

"गुडघ्याला काही झालं नव्हतं."

एका दमात सगळं संपवलं. उगाच परत कुणी विचारायला नको.

नाना माझ्या शेजारी येऊन हळू आवाजात म्हणाले, "विहीणबाई, चार लोकांत काय हे? शटर खाली घ्या. आत बसून बोलू."

"चार लोकांतच बोलू, पाव्हणं. अंधारात सापडली म्हणालात न्हवं? अंधार नव्हता. लाईट होती. तरी तुमच्या पोराला हात दिसला नाही." मी जीपकडं तोंड केलं, कारण ज्याला सांगायचं तो तिकडं होता. "जालिंदरराव! लाईटीत दिसला नसेल तर आता उन्हात बघून घ्या! तो हात आता परत यायचा नाही!"

जालिंदरनं बघितलं नाही. आरशात बघत होता. सुताराच्या बायकोनं मात्र बघितलं. ती सरळ गॅरेजमध्ये आली, वैजूचा हात धरून उलटा-सुलटा केला, आणि जीपकडं बघून जे म्हणाली ते मी लिहीत नाही. ते मलाही नवीन होतं.

जीप सुरू झाली. नाना काही बोलणार होते, पण जीप त्यांच्यासाठी थांबेल की नाही, याची त्यांना खात्री नसावी. ते फेट्याला हात लावून लगबगीनं गेले. जीप गेली.

गल्ली गेली नाही. बायका रस्त्यावर, पोरं रस्त्यावर, कुणी म्हणतंय हे तारेचं कसं बसवतात, कुणी म्हणतंय आमच्या मिक्सरची मोटार बसली आहे. मी शटरच्या मधोमध, कमरेवर हात ठेवून उभी राहिले. आज कुणाला काय विचारायचं ते मला विचारू दे म्हटलं. उत्तरं तयार होती. इतकी तयार होती की मला वाटत होतं, अजून कुणीतरी काहीतरी बोलावंच.

मागून चाकाची कुरकुर सुरू झाली. मग थांबली.

"आई," वैजू म्हणाली.

"काय गं?" मी मागं न बघता विचारलं. मला वाटलं, आता रडेल. मी त्याचीही तयारी केली होती.

"जरा बाजूला हो. उजेड अडवलायस."

या घरात मी सून म्हणून आले त्या दिवसापासून मला कुणी 'बाजूला हो' म्हटलं नव्हतं. सासूनं नाही, ह्यांनी नाही.

झाले बाजूला.